बोलेल की, काय घाई आहे?

माझ्या भाच्याने उच्चारलेला पहिला शब्द 'मामा' होता. म्हणजे असं मी कित्येक महिने सगळ्यांना सांगत फिरत होतो. हापिसात सांगितलं, कॉलेजच्या ग्रुपवर सांगितलं, शेजारच्या क्यूबिकलमधल्या तमिळ मित्राला तर दोनदा सांगितलं. झालं होतं असं, की दहा-अकरा महिन्यांचं ते पोर हातकणंगल्याला आमच्या सोप्यात रांगत होतं. मी पुण्याहून नुकताच येऊन सॅक टाकली होती. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि 'म्माम्मामा' केलं. झालं! आई म्हणाली, "अरे भूक लागलीय त्याला, म्हणून करतंय तसं." पण मामा लोक असलं काही ऐकून घेत नसतात.

त्यानंतर मात्र गाडी पुढे सरकेना. दिवाळीत सोन्या सोळा महिन्यांचा झाला होता. चालायला लागला होता, माझ्या मोबाईलचं लॉक उघडायला बघत होता, पण शब्द म्हणाल तर शून्य. ताई अधूनमधून विषय काढायची आणि घरात लगेच पुरावे सादर व्हायचे. पुरावा एक: मुलगे उशिराच बोलतात. (हे एका डॉक्टरांनीही सांगितलं होतं, त्यामुळे त्यावर शिक्का बसलेला.) पुरावा दोन: ताईच्या सासूबाई मूळच्या चिकोडीकडच्या, त्या नातवाशी कानडीत बोलतात, बाकीचे मराठीत, म्हणून पोराचा गोंधळ उडालाय. पुरावा तीन: ऐकू तर उत्तम येतं, कारण आईने त्याच्या पाठीमागे स्टीलचं ताट आपटलं तेव्हा ते दचकून वळलं. पुरावा चार: मी. "मामावर गेलाय, मी कुठे तीन वर्षांचा होईपर्यंत बोललो होतो? आणि आता बघा, मीटिंगमध्ये थांबत नाही," असं म्हणून मीच सगळ्यांना हसवलं. सासूबाई म्हणाल्या, "बोलंल की! एवढी काय घाई हाय?"

विषय मिटला. तीन महिन्यांसाठी.

संक्रांतीच्या आसपास रात्री ताईचा फोन आला. म्हणाली, "तू दिवसभर त्या कॉम्प्युटरसमोर असतोस ना? मला एक शोधून सांग. वर्षाच्या मुलानं बोललंच पाहिजे हे ठरवलं कुणी? कुणाच्या पोरांवरून ठरवलं?" तिला खरं तर कुणीतरी 'हे सगळं थोतांड आहे' असं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, हा विकांत तुझा. आणि बसलो वाचत.

वाचता वाचता जे सापडलं ते इथे लिहितोय. मी मानसशास्त्राचा विद्यार्थी नाही, कोड लिहिणारा माणूस आहे. पण कुठल्याही जुन्या सिस्टीममध्ये एखादा नियम कुठून आला हे शोधायचं असेल तर मागच्या नोंदी उघडून बसायचं असतं, एवढं मला जमतं.

सगळ्यात जुन्या नोंदी राजेलोकांच्या आहेत. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इजिप्तच्या सामेटिकस राजाची गोष्ट सांगितली आहे. जगातली पहिली भाषा कोणती हे ठरवायला राजाने दोन तान्ही बाळं एका मेंढपाळाच्या हवाली केली आणि त्यांच्यासमोर कुणी एक अक्षरही काढायचं नाही अशी ताकीद दिली. दोन वर्षांनी मुलं 'बेकोस' असं काहीतरी म्हणाली. फ्रिजियन भाषेत त्याचा अर्थ भाकरी. झाला निकाल, फ्रिजियन भाषा सगळ्यात जुनी! (ती पोरं बकऱ्यांची नक्कल करत असतील ही शंका नंतरच्या लोकांनी घेतली, ती मला जास्त पटते.)

असाच प्रयोग सोळाव्या शतकात आपल्याकडे अकबराने केला. तान्ही मुलं एका वेगळ्या वाड्यात ठेवली, सांभाळणाऱ्या बायकांना बोलायची बंदी. त्या वाड्याला लोक 'गुंग महल' म्हणजे मुक्यांचा महाल म्हणत. काही वर्षांनी बादशहा बघायला गेला तर एकाही मुलाच्या तोंडून शब्द नाही. प्रयोग क्रूर होता, पण निकाल सामेटिकसपेक्षा प्रामाणिक होता. भाषा आतून आपोआप उगवत नाही. ती कानातून आत जावी लागते, मग तोंडातून बाहेर येते.

हा निकाल पुढच्या तीनशे वर्षांत बहुतेक सगळे विसरले. का, ते आता बघू.

राजांच्या नंतर आले वडील. जर्मनीत डीट्रिख टीडमन नावाच्या तत्त्वज्ञाने आपल्या मुलाच्या वाढीच्या नोंदी १७८७ साली छापल्या. नंतर फ्रान्समध्ये इपोलित तेनने आपल्या मुलीच्या बोलण्यावर लिहिलं. त्याचं इंग्रजी भाषांतर १८७७ मध्ये 'माइंड' या नियतकालिकात आलं, ते एका इंग्रज गृहस्थाच्या वाचनात आलं आणि त्यांना आठवलं, की आपणही सदतीस वर्षांपूर्वी थोरल्या पोराची अशीच डायरी ठेवली होती. हे गृहस्थ म्हणजे चार्ल्स डार्विन. त्यांनी जुनी वही काढली आणि त्याच वर्षी 'माइंड'मध्येच एका बाळाचं छोटेखानी चरित्र छापलं.

ते चरित्र वाचताना मी खुर्चीतून उठलोच. डार्विन लिहितात की मुलगा बरोबर एक वर्षाचा झाला तेव्हा त्याने खाण्यासाठी स्वतःचा एक शब्द काढला. शब्द कोणता? 'मम'! अहो, हा तर आपला मंमं! इंग्लंडात १८४० च्या अखेरीस डार्विनचं पोर मंमं मागत होतं. पुढे तो साखरेला 'शु-मम' म्हणायला लागला आणि ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळीला 'ब्लॅक-शु-मम'. म्हणजे काळी-साखर-मंमं. एवढंसं पोर शब्दाला शब्द जोडून नवा शब्द पाडतंय, आणि उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा बाप वहीत टिपतोय.

माझ्या 'मामा'चंही तिथेच पानिपत झालं. भाषाशास्त्रज्ञ रोमन याकोबसनने १९६० च्या सुमारास दाखवून दिलं की 'म' हा आवाज दूध पितानाच्या हुंकारातून येतो, म्हणून जगभरातल्या बऱ्याच भाषांत आईसाठीचा शब्द 'म'भोवती फिरतो. आईचं नाव घेणं, भूक लागल्याचं सांगणं आणि नुसतं ओठ मिटून उघडणं यात बाळाच्या लेखी सुरुवातीला फरक नसतो. फरक मोठी माणसं करतात. इंग्रज आई म्हणते मला हाक मारली, मराठी मामा म्हणतो मला मारली. आमची आई म्हणाली तेच खरं, पोराला भूक लागली होती. :)

असो. डार्विनच्या नोंदींत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे तेव्हा मी लक्ष दिलं नाही, नंतर दिलं. तो फक्त तोंडाकडे बघत नव्हता. बाळ सहासष्ट दिवसांचं असताना डार्विनला शिंक आली, बाळ जोरात दचकलं आणि रडलं, हे त्याने टिपलंय. एकशे चोवीस दिवसांचं झालं तरी आवाज नेमका कुठून येतो हे त्याला सहज कळत नाही, हेही टिपलंय. म्हणजे कानाचाही हिशोब चालू होता.

याच काळात मानसशास्त्र नावाचं शास्त्र जन्माला येत होतं. १८७९ साली विल्हेल्म वुंटने लाइपझिगला प्रयोगशाळा काढली, ती या शास्त्राची पहिली प्रयोगशाळा मानली जाते. पण तिथे बाळांना प्रवेश नव्हता. तिथे शिकवून तयार केलेली मोठी माणसं उपकरणांसमोर बसून आपल्या मनात काय चाललंय ते सांगायची. बाळ काय सांगणार? त्यामुळे बाळांचा अभ्यास घरीच राहिला आणि त्यात सगळ्यात मोठं काम केलं विल्हेल्म प्रायरने. हा येना इथला शरीरशास्त्रज्ञ. आपल्या मुलाला जन्मापासून तीन वर्षं, दिवसातून तीन-तीन वेळा बघून त्याने नोंदी केल्या आणि १८८२ साली 'बालकाचं मन' अशा अर्थाच्या नावाचं जाडजूड पुस्तक काढलं. बालमानसशास्त्राचा पाया म्हणून या पुस्तकाचं नाव घेतात.

आणि या पायातच एक दगड चुकीचा बसला होता. प्रायरचं मत होतं की नुकतंच जन्मलेलं प्रत्येक बाळ बहिरं असतं! इतका बारकाईने बघणारा माणूस, पण त्याच्याकडे बघायला होते फक्त डोळे. बाळ वळलं नाही, दचकलं नाही, म्हणजे ऐकू येत नाही. आज आपल्याला माहीत आहे की बाळ आईच्या पोटातच शेवटच्या काही महिन्यांत ऐकायला लागतं. १९८० साली डीकॅस्पर आणि फायफर यांनी दाखवलं की जन्मून दोन-तीन दिवस झालेली बाळं परक्या बाईपेक्षा आपल्या आईचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून मुद्दाम वेगळ्या लयीत चोखतात.

प्रायरची चूक आणि आमच्या घरातली ताटाची टेस्ट ही एकाच जातीची आहे, फक्त उलट बाजूने. तो म्हणाला दचकलं नाही म्हणजे बहिरं. आम्ही म्हणालो दचकलं म्हणजे झकास ऐकू येतं. ताट आपटल्याचा आवाज प्रचंड मोठा असतो, आणि माणसाच्या बोलण्यातले 'स', 'त', 'क' सारखे आवाज अगदी बारीक. पहिला ऐकू आला म्हणून दुसरे येतात असं नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर पिंग होतोय म्हणून ॲप्लिकेशन चालतंय असं समजण्यासारखं आहे हे. असं कुठल्या ज्युनियरने म्हटलं तर मी त्याला फाडून खाल्ला असता.

विसाव्या शतकात वह्या जाऊन तक्ते आले. अमेरिकेत येल विद्यापीठात आर्नल्ड गेझेलने १९११ मध्ये मुलांसाठी क्लिनिक सुरू केलं आणि कितव्या महिन्यात मूल काय काय करतं याची मापं घ्यायला सुरुवात केली. १९२५ च्या त्याच्या पुस्तकापासून हे तक्ते सगळीकडे पोचले. आज लसीकरणाच्या कार्डावर जे दिसतं, अमुक महिन्याला मान धरतो, तमुक महिन्याला शब्द बोलतो, त्याचे खापरपणजोबा हे. पण गेझेलची मुलं होती न्यू हेवन नावाच्या एका शहरातली, बहुतेक गोरी, बऱ्यापैकी खात्यापित्या घरची. ताईचा प्रश्न 'कुणाच्या पोरांवरून ठरवलं?' अगदीच चुकीचा नव्हता.

हाच प्रश्न आपल्या भागातल्या लोकांना फार पूर्वी पडला होता, हे मला माहीतच नव्हतं. १९०५ मध्ये पॅरिसला आल्फ्रेड बिने आणि सिमोन यांनी मुलांच्या बुद्धीची चाचणी बनवली. ती जगभर गेली. पण फ्रेंच मुलांचे प्रश्न इथल्या मुलांना कसे विचारणार? व्ही. व्ही. कामत यांनी ती चाचणी कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी नव्याने बसवली. १९३४ साली त्यांचा लेख ब्रिटनच्या शिक्षण-मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला आणि १९४० साली पुस्तक. मुंबई-कर्नाटकची आवृत्ती म्हणून ती ओळखली जाते. म्हणजे नेमका आमच्या ताईच्या सासरचा टापू! एका घरात कानडी आणि मराठी दोन्ही. बिने-कामत चाचणी भारतातल्या क्लिनिकांत कित्येक पिढ्या वापरली गेली.

इथे पुरावा क्रमांक दोनचाही निकाल लावून टाकतो. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं हा समज जगभर आहे आणि तो चुकीचा आहे. दोन भाषांतली मुलं दोन्हीकडचे मिळून साधारण तेवढेच शब्द शिकतात, पहिला शब्दही त्याच सुमाराला येतो. विचार करा, सीमाभागात पिढ्यान् पिढ्या घरोघरी दोन भाषा आहेत. तिथली निम्मी मुलं मुकी निघाली का?

पण बिनेच्या वळणाच्या चाचण्यांत एक मोठी अडचण होती. प्रश्न तोंडी, उत्तर तोंडी. आकडे ऐक आणि म्हणून दाखव. ज्या मुलाला कमी ऐकू येतं ते तिथे नापास होणार, आणि शिक्का बसणार बुद्धीवर. रुडॉल्फ पिंटनर आणि डोनाल्ड पॅटरसन यांनी १९१७ साली अमेरिकेत हाताने करून दाखवायच्या चाचण्यांचा संच काढला, त्यामागे हेच कारण होतं. पिंटनर कर्णबधिर मुलांबरोबर काम करत होता. इंग्रजीत मुक्याला जो शब्द आहे, 'डंब', त्याचाच दुसरा अर्थ मठ्ठ असा झाला. आपल्याकडेही 'मुका' आणि 'मंद' यांत लोक फार फरक करत नाहीत. हे वाचताना पहिल्यांदा माझ्या पोटात गोळा आला.

आता एका मराठी माणसाची गोष्ट. डॉ. अशोक केळकर यांचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. 'रुजुवात'साठी २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले, डेक्कन कॉलेजात शिकवणारे भाषाशास्त्रज्ञ. त्यांनी १९६४ साली 'वर्ड' नावाच्या नियतकालिकात एक लेख लिहिला होता, विषय काय, तर मराठीतली बाळबोली. म्हणजे बाळ बोलतं ती नव्हे, आपण बाळाशी बोलतो ती. मंमं, दुदू, भूभू, हम्मा, काऊ, चिऊ, भूर, जोजो. आपण हे सगळं अगदी सहज, वेड्यासारखं बोलत असतो, पण त्यालाही नियम असतात आणि ते लिहून काढण्याच्या लायकीचे असतात असं या माणसाला वाटलं. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने सहा भाषांतल्या बाळबोलींची तुलना करणारा लेख लिहिला, तो या विषयातला गाजलेला लेख आहे. सहा भाषा कोणत्या? अरबी, इंग्रजी, स्पॅनिश, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची कोमँची, रशियाच्या पार पूर्व टोकाची गिल्याक आणि मराठी!

सहाही भाषांत मोठी माणसं साधारण सारख्याच गोष्टी करतात. शब्द आखूड करतात, तोच आवाज दोनदा म्हणतात, जोडाक्षरं सोडवून टाकतात. आणि महत्त्वाचं म्हणजे हे शब्द बाळाने शोधलेले नसतात. ते मोठ्यांनी जपलेले असतात, आजीकडून आईकडे आलेले असतात, आणि बाळ मोठं झालं की ते टाकून देतं. बाळासाठी भाषेने ठेवलेला पांगुळगाडाच म्हणा ना. पुढे १९८५ साली अ‍ॅन फर्नाल्डने दाखवलं की चार महिन्यांची बाळं साध्या बोलण्यापेक्षा असलं हेल काढून केलेलं बोलणं ऐकणं पसंत करतात. आज्ज्यांना हे आधीच माहीत होतं.

केळकरांच्या आसपासच्या वर्षांत मानसशास्त्रातही धुमश्चक्री चालू होती. स्किनरने १९५७ मध्ये मांडलं की मूल बोलतं, बक्षीस मिळतं, म्हणून परत बोलतं. १९५९ मध्ये चॉम्स्कीने त्यावर सडकून टीका केली, की एवढ्याने भाषा येणंच शक्य नाही, माणसाच्या आतच काहीतरी तयार असतं. भांडण अजून पूर्ण मिटलेलं नाही. पण त्या भांडणामुळे एक फायदा झाला. आत काय तयार आहे हे तपासायचं तर तोंड उघडण्याआधीचं बाळ तपासायला हवं, हे लोकांच्या ध्यानात आलं.

१९७१ साली पीटर आयमस आणि मंडळींनी एक आणि चार महिन्यांच्या बाळांच्या तोंडात तारा जोडलेली चोखणी दिली. बाळ चोखायला लागलं की 'बा बा बा' ऐकू येणार. थोड्या वेळाने बाळ कंटाळतं, चोखणं मंदावतं. मग आवाज बदलून 'पा' केला, की चोखणं परत जोरात. म्हणजे महिन्याच्या बाळाला 'ब' आणि 'प' यातला फरक कळतो!

आणि मग आला तो प्रयोग, जो प्रत्येक मराठी माणसाला शाळेत शिकवायला हवा. कॅनडात जॅनेट वेर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी १९८४ साली इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतला 'ट' आणि 'त' ऐकवला. इंग्रजी माणसाला हा फरक कळत नाही, तुमच्या अमेरिकन क्लायंटला 'ताट' म्हणायला सांगून बघा. बाळांना शिकवलं होतं की आवाज बदलला की मान वळवायची, मग एक खेळणं हलताना दिसतं. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक इंग्रजी बाळांनी ट-त चा फरक बरोबर ओळखला. दहा ते बारा महिन्यांच्या फारच थोड्यांना तो जमला. हिंदी घरांतल्या वर्षाच्या बाळांना मात्र तो पक्का जमत होता.

समजतंय का काय झालं ते? पहिला शब्द यायच्या आधीच कानाने आपली भाषा निवडलेली असते. जे आवाज रोज पडतात ते ठेवायचे, बाकीचे सोडून द्यायचे. आपण वर्षाच्या वाढदिवसाला 'बोलायला लागला का?' विचारतो, तोवर आतलं निम्मं काम उरकलेलं असतं. ज्याच्या कानात काहीच नीट पडत नाही, त्याचं हे काम होतच नाही, आणि बाहेरून कुणाला दिसतही नाही. पोराचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. कान दिसत नाहीत.

तर ताईच्या प्रश्नाचं उत्तर. कुणाच्या पोरांवरून ठरवलं? आधी काही प्राध्यापकांच्या एकेका पोरावरून, मग एका अमेरिकन शहरातल्या पोरांवरून. पण गोष्ट तिथे थांबली नाही. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांवर वर्षानुवर्षं काम करून इथल्या मुलांसाठी मापं तयार केली. त्यांची सुधारित श्रेणी १९९७ साली आली. जन्मापासून तीस महिन्यांपर्यंत, हालचालींच्या ६७ आणि मानसिक वाढीच्या १६३ पायऱ्या. म्हणजे तक्ता परका आहे, आपल्याला लागू नाही, ही पळवाट बंद.

आणि तक्त्यात जे 'साधारण' असतं त्याचा अर्थही लोक चुकीचा घेतात. साधारण बाराव्या महिन्याला पहिला शब्द, म्हणजे बरीच मुलं त्याआधी बोलतात आणि बरीच त्यानंतर. तेराव्या महिन्यात शब्द नाही म्हणून रात्र जागवायचं कारण नाही. पण वर्षाचं होऊनही 'बाबाबा, दादादा' अशी अक्षरांची माळ नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द स्वतःहून जोडत नाही, किंवा येत असलेलं बोलणं गेलं, तर थांबायचं नाही. तपासायचं. आणि सगळ्यात आधी तपासायचा तो कान, कारण ते सगळ्यात सोपं आहे.

किती सोपं? १९७८ मध्ये डेव्हिड केम्प यांनी दाखवलं की निरोगी कानात 'टिक' असा आवाज सोडला तर कान स्वतः एक अगदी बारीक प्रतिध्वनी परत पाठवतो. त्यावर आधारलेलं यंत्र झोपलेल्या बाळाचा कान काही मिनिटांत तपासतं. बाळाने काही सांगायचं नाही, वळायचं नाही. पहिल्या महिन्यात ही तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार असा जगभरचा दंडक आहे. त्यामागचं कारण १९९८ च्या क्रिस्टीन योशिनागा-इतानो यांच्या अभ्यासात सापडलं. ज्यांचा दोष सहा महिन्यांच्या आत ओळखला गेला ती मुलं भाषेत उशिरा ओळखलेल्यांच्या बरीच पुढे होती. आपल्याकडे २०१३ मध्ये पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, त्यात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे आणि त्याची पथकं अंगणवाड्यांत येतात.

रविवारी रात्री मी ताईला फोन केला. डार्विन नाही, वुंट नाही, काही सांगितलं नाही. म्हटलं, "ताई, उद्या दाजींना सुट्टी काढायला सांग आणि त्याचे कान तपासून घ्या." ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मागांच्या आवाजात पण गाढ झोपतंय रे ते. सगळे म्हणतात किती गुणी आहे."

तिच्या इचलकरंजीच्या घराला लागूनच यंत्रमागाची शेड आहे. तिथे सवयीने कुठलंही मूल झोपेल. म्हणजे हा पुरावाही ना इकडचा ना तिकडचा. पण ताई दिवाळीपासून हे एकटी मनात धरून बसली होती, आणि मी सगळ्यांना हसवत होतो.

ती झटपट तपासणी दोन्ही कानांत नापास झाली. मग झोपेचं औषध देऊन बेरा टेस्ट केली. दोन्ही कानांत मध्यम ते तीव्र दोष. ताट ऐकू येत होतं. 'ये रे सोन्या' हे अर्धंमुर्धं. 'स' आणि 'त' बहुधा कधीच नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला कानाची मशीनं बसली. पहिले आठ दिवस त्याने ती उपटून फेकायचं काम केलं, एक तर म्हशीच्या गोठ्यात सापडलं.

थेरपिस्ट बाईंनी घरच्यांना सांगितलं, भरपूर बोला, समोर बसून बोला, हेल काढून बोला, तेच तेच बोला. कानडी चालेल का, असं सासूबाईंनी भीत भीत विचारलं. बाई म्हणाल्या, आजी, तुम्हाला जी भाषा मनापासून येते तीच बोला. तेव्हापासून त्या घरात अखंड बाळबोली चालू आहे. मागांच्या खडखडाटावर ताण करून सगळे काऊ-चिऊ-हम्मा करत असतात.

आता तो दोन वर्षं चार महिन्यांचा आहे. वीसेक शब्द आहेत. वयाच्या मानाने कमी आहेत, आणि वाया गेलेले महिने कसे भरून निघतील ते मला सांगता येणार नाही. त्यातले दिवाळी ते संक्रांत हे तीन माझ्या खात्यावर आहेत. घरात कुणी तसं म्हणत नाही. मीच मोजतो.

आपल्याकडे बारशाला आत्या बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगते, आणि बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. सोन्याच्या बारशाचा व्हिडिओ माझ्याकडे आहे. त्यात दाजींची बहीण वाकून नाव सांगतेय, सगळे हसतायत, आणि तो शांत छताकडे बघतोय. मी तो व्हिडिओ पन्नासदा बघितलाय. आधी त्यात काही दिसलं नव्हतं.

गेल्या शनिवारी हातकणंगल्याला गेलो होतो, ताईही आलेली. स्टेशनातून गाडी गेली तसं पोर खेळ टाकून उठलं, दाराकडे बोट केलं आणि म्हणालं, "भूर!" स्वच्छ, 'र'सकट. आई, ताई आणि मी तिघंही एकमेकांकडे बघत बसलो.

'मामा' अजून म्हणत नाही. म्हणेल की, काय घाई आहे? :)

तुमच्या घरात, शेजारात, हापिसात कुणाचं बाळ असेल आणि असा एखादा विनोदी मामा असेल, तर त्याचं ऐकू नका. कान तपासून घ्या. निकाल चांगला आला तर पेढे वाटा. पुढच्या विकांताला भेटूच.